बुधवारचा पहिला खेळ

टोलनाक्यावरची मुलगी छोट्या खिडकीतून हात बाहेर काढून गायला लागली, आणि नेमक्या त्याच वेळी कमळच्या पुढे तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसानं मान डावीकडे कलती केली. पडद्यावर ट्रकांचे दिवे लागले होते, थेटरभर पिवळा उजेड पसरला होता, आणि त्या उजेडात तिला त्याच्या डोक्यावरचे दोन भोवरे दिसले. एक मधोमध, एक जरा उजवीकडे. त्या दोन भोवऱ्यांमध्ये तिनं कितीतरी वर्षं तेल जिरवलं होतं. दोन भोवऱ्यांच्या पोराची दोन लग्नं होतात, असं शेजारच्या बायका हसत म्हणायच्या आणि तिला ते आवडायचं नाही. तो प्रितम होता. तिचा मुलगा. सकाळी डबा घेऊन, "गोदामावर जातो," म्हणून घरातून निघालेला. कमळ खुर्चीत खाली घसरली. गाणं चालूच होतं. मुलीचा हात खिडकीतून आत-बाहेर होत होता, ट्रकवाले एकेक करून तिच्या सुरात सूर मिळवत होते, आणि कमळला त्यातलं काहीच ऐकू येईना. आपण इथे आहोत हे त्याला कळू नये, हा विचार तिच्या मनात आधी आला. तो इथे का आहे, हा नंतर.

मग तिला त्याच्या शेजारची बाई दिसली. त्यानं मान कलती केली होती ती तिच्या खांद्याकडे. ओढणी डोक्यावरून घेतलेली, चेहरा दिसत नव्हता. ऋतिका, तिची सून, पावसाळ्याच्या आधी चुलत बहिणीच्या हळदीला म्हणून पडघ्याला माहेरी गेली ती परत आलीच नव्हती. "आमचं पटत नाही," एवढंच प्रितम सांगायचा. कुणीही विचारलं तरी तेच, त्याच आवाजात. घरात त्या विषयावर बोलणं बंद झालं होतं. जेवताना ऋतिकाच्या जागेवर आता पाण्याचा तांब्या ठेवत. आणि इथे हा, दिवसाढवळ्या, एका बाईच्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता. म्हणजे हे असं आहे तर. त्या शेजारणींचं हसणं इतक्या वर्षांनी तिच्या कानात वाजलं. हा राग कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. मग त्या बाईनं ओढणी मागे टाकली, केसांतला चाप काढून दातांत धरला, दोन्ही हातांनी केस गोळा केले आणि पुन्हा चाप लावला. चाप दातांत धरायच्या ह्या सवयीवरून कमळनं तिला कितीदा तरी टोकलं होतं. "दात झिजतील, बाय," ती म्हणायची. ती ऋतिकाच होती. प्रितम आपल्याच बायकोला चोरून भेटत होता.

बुधवारी सकाळी कमळ भजनाला जाते असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि खरंच जायची ती. कामतघरच्या देवळामागे बायकांचं भजनी मंडळ होतं. पण मंडळ चालवणाऱ्या बाई मुलाकडे कल्याणला राहायला गेल्या, आणि दोन-तीन बुधवार कुणीच आलं नाही. घरी सांगायचं राहून गेलं. मुद्दाम लपवलं असं नाही. मग एका बुधवारी ती साडी नेसून बाहेर पडली होती, देवळाला कुलूप होतं, आणि परत घरी जायचं म्हणजे पुन्हा गॅससमोर उभं राहायचं. ती रिक्षात बसली. रिक्षावाल्यानं, "किधर, चाची?" विचारलं तेव्हा तिच्या तोंडून मॉलचं नाव निघालं. कल्याण रोडवरच्या त्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर थेटर होतं, आणि सकाळच्या खेळाला जेमतेम दहा-पंधरा माणसं असायची. दारावरचा पोरगेला शिपाई अर्धवट झोपेत असायचा. तेव्हापासून गाण्यांचा सिनेमा लागलेला असला की ती जायची. मारामारीचा असला की देवळाच्या पायरीवर बसून यायची. गाण्यांचा म्हणजे मध्ये चार गाणी घातलेला नव्हे. तसले सगळेच असतात. ज्यात माणसं बोलता बोलता गायला लागतात आणि गाण्यातूनच गोष्ट पुढे जाते, असा.

ते वेड ऋतिकानं लावलं होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी दुपारची भांडी झाली की ती कमळला हाताला धरून दुसऱ्या माळ्यावर न्यायची. पलंगावर उशी उभी करायची, उशीला मोबाईल टेकवायची, कानातल्या वायरीचं एक टोक स्वतःच्या कानात, दुसरं कमळच्या. बर्फात अडकलेल्या एका बसचा सिनेमा त्यांनी पहिल्यांदा बघितला. कुठल्या तरी परक्या मुलखातला, बोलणं हिंदीत केलेलं आणि गाणी मूळच्याच भाषेत ठेवलेली. बसमधले प्रवासी एकेक करून उठायचे आणि आपण कुठे निघालोय ते गाऊन सांगायचे. एक म्हातारा होता, तो दवाखान्यातल्या बायकोकडे निघाला होता. त्याच्या गाण्यातला एकही शब्द कमळला कळला नाही आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ऋतिका तिच्याकडे बघून हसली नाही. तिनं सिनेमा थांबवला आणि म्हणाली, "आई, मला हे का आवडतं सांगू? ह्यात कुणी कुणाला मध्येच तोडत नाही. एकानं गायला घेतलं की गाणं संपेपर्यंत बाकीचे थांबतात. दार वाजत नाही, कुणी पाणी मागत नाही." आणि ते बोलणं पुरं होतंय तोच जिन्यातून कमळच्या नवऱ्याची, केसरीनाथांची, हाक आली होती, "अगो, कुठं हाईस? पावणं आलंत." दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की खाली जाईपर्यंत कमळला पदर तोंडावर धरावा लागला.

कमळला मात्र ते दुसऱ्याच कारणानं आवडायचं, आणि ते तिनं ऋतिकाला कधी नीट सांगितलं नव्हतं. तिची आई, तुळजा, खाडीकाठच्या गावात धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणणारी. तिच्या गाण्याशिवाय लग्नातलं पान हलायचं नाही. तांदूळ कांडायचे तर त्याचं गाणं, हळद दळायची तर त्याचं, नवऱ्या मुलाला आंघोळ घालायची तर त्याचं. कमळ लहान होती तेव्हा आईच्या लुगड्याला धरून मांडवात उभी असायची आणि तिला वाटायचं, गाण्यामुळेच हे सगळं घडतंय. आई थांबली तर हळद फासणारे हात तिथल्या तिथे थांबतील. आणि थांबायचेही. आईनं एक घोट पाणी प्यायला तोंड मिटलं की बायका हळदीच्या वाटीत बोटं बुडवून तशाच उभ्या राहायच्या. घरी आई फारशी बोलायची नाही. वडिलांसमोर तर नाहीच. पण मांडवात उभी राहिली की तिच्या पुढे सरपंचाचंही काही चालायचं नाही. तेव्हा कुणाला ते विचित्र वाटत नव्हतं. हल्ली टीव्हीवर असा सिनेमा लागला की कमळचे धाकटे दीर, हरेश, रिमोट मागायचे. "वयनी, हे काय? चालता चालता गाणं म्हनतंत. असं कोन करतं?" आणि हेच हरेश भावोजी पुतण्याच्या हळदीला डीजेच्या गाडीपुढे, भर रस्त्यात, डोक्याला रुमाल बांधून घामाघूम होईपर्यंत नाचले होते. त्यांना हे सांगावं असं कमळच्या ओठांवर यायचं. रिमोट देऊन ती आत जायची.

मध्यंतराला दिवे लागले. कमळनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखी वाकून बसली. त्या दोघांनी मागे बघितलं नाही. प्रितमनं बाहेर जाऊन काही आणलंही नाही. ऋतिकानं पर्समधून एक पुडकं काढलं, मांडीवर उलगडलं, आणि खुर्च्यांच्या फटीतून कमळला तांदळाची भाकरी दिसली. कडेला जरा करपलेली. त्या दिवशी सकाळी तवा जास्त तापला होता आणि एक भाकरी कडेला करपली होती, तीच तिनं प्रितमच्या डब्यात खाली घातली होती. ती बघत राहिली. ऋतिकानं भाकरीचे दोन भाग केले, मोठा स्वतःकडे ठेवला. प्रितमनं तो ओढायचा प्रयत्न केला, तिनं त्याच्या हातावर चापट मारली. दोघं खांदे हलवत हसली. गेल्या काही महिन्यांत प्रितम डब्यात जास्त भाकऱ्या मागायचा. गोदामावर काम वाढलंय, भूक लागते, म्हणायचा. कमळला बरं वाटायचं की बायको नसली तरी पोरगा खातोय. म्हणजे बाय, तू माझ्याच हातचं खात होतीस, तिच्या मनात आलं, आणि तिला एकदम इतकं हलकं वाटलं की दिवे पुन्हा मालवले गेले तेव्हा ती अंधारात एकटीच हसत होती.

पण सिनेमाच्या दुसऱ्या भागात ते हसू टिकलं नाही. पडद्यावर टोलनाक्यावरच्या मुलीची बदली झाली होती, ती सामान बांधता बांधता गात होती, आणि कमळ हिशोब लावत होती. ह्यांचं तर पटतंय. मग ही गेली का? प्रितमपासून ती गेलेली नाही. म्हणजे घरापासून गेली. चार माळ्यांचं घर. केसरीनाथांनी जमीन गोदामांना दिली तेव्हा आलेल्या पैशांतून उभं केलेलं, दर्शनी भागाला संगमरवर लावलेलं, रस्त्यानं जाणारा माणूस मान वर करून बघेल असं. दुसरा माळा प्रितमचा, असं ते अभिमानानं सांगायचे. पण वरती चूल नव्हती. एका घरात एकच चूल, हा त्यांचा कायदा. दाराला कडी होती, पण ती लावलेली त्यांना चालायची नाही. घरातल्या घरात कड्या कशाला, म्हणून ते जिन्यातून हाका मारत वर जायचे. ऋतिका टेमघरला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिची ड्युटी सकाळची, बुधवारची तेवढी सुट्टी. त्यावरून ते कधी तिला ओरडले नाहीत, एकदाही नाही. फक्त ती निघाली की ओटीवर बसलेल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "लोकांच्या पोरी आमच्या गोदामात कामाला येतंत, नि आमची सून लोकांकडं जाते." हसूनच म्हणायचे. ती हसून रिक्षात बसायची. भांडण नाही, आदळआपट नाही. कमळला वाटायचं, चाललंय की बरं. तिचं स्वतःचं आयुष्य ह्याच हाका ऐकत गेलं होतं. त्यात कुणाचा जीव गुदमरत असेल हे तिला सुचलंच नव्हतं. की सुचलं होतं? दुपारी त्या पलंगावर वायरीचं टोक कानात घातल्यावर छातीतून जे काही मोकळं व्हायचं, ते मग काय होतं?

प्रितम बापाला हे सांगू शकला नसता. "तुमच्या घरात तिचं मन रमत नाही," हे वाक्य ऐकून केसरीनाथ ओरडले नसते, खचले असते. त्यांनी ते घर पोरासाठीच बांधलं होतं. म्हणून पोरानं दोष बायकोवर घातला नाही, घरावर घातला नाही, तर दोघांच्या मध्ये कुठेतरी ठेवून दिला. आमचं पटत नाही. कमळला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. गाणं संपलं. ती शेवटची पाटी येण्याआधीच उठली, भिंतीला धरून अंधारात बाहेर पडली आणि रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की टोलनाक्यावरच्या मुलीचं शेवटी काय झालं ते आपण बघितलंच नाही.

संध्याकाळी तिनं प्रितमला जिन्यात गाठलं. तो फोनकडे बघत खाली येत होता.

"तुला काही सांगायचं हाय का माला?" तिनं विचारलं.

"काय सांगायचं?"

"ऋतिकाचं."

"आई, मी बोललो ना. आमचं पटत नाही." तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आता रविवारी हरेशकाका बसवतायत ना सगळ्यांना. जे व्हायचं ते होईल."

रविवारचं तिला तेव्हा कळलं. हरेश भावोजींनी पडघ्याला निरोप धाडला होता. पोरगी इतके महिने माहेरी आहे, दोन्हीकडच्या चार माणसांत बसून एकदाची सोडचिठ्ठी करून टाकू, पोरगा अजून तरुण आहे. प्रितम हे इतक्या सपाट आवाजात सांगत होता की तिला वाटलं, ह्याला हलवून जागं करावं. हा थेटरात बसून वाट बघतोय. कशाची? कुणीतरी आपोआप उठून सगळं सांगेल ह्याची? मी बघितलंय तुम्हाला, असं तिनं म्हणायला तोंड उघडलं. पण मग, तू तिथे काय करत होतीस, हे आलं असतं. तिची स्वतःची अशी ती बुधवारची सकाळ तेवढी एकच होती. तिनं त्याच्या खांद्यावरचा धागा काढला आणि त्याला जाऊ दिलं.

रविवारी रामनाथ, ऋतिकाचे वडील, एका भावाला घेऊन आले. शेतकरी माणूस, उन्हानं रापलेला, संगमरवरावर चप्पल कुठे काढावी हे न कळून बाहेरच उभा राहिलेला. केसरीनाथांनीच त्यांना हाताला धरून आत आणलं, सोफ्यावर बसवलं. ऋतिकाला आणलं नव्हतं. बायकांचं काय काम, असं हरेश भावोजींनीच कळवलं होतं. कमळनं चहा दिला आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चौकटीला खांदा लावून उभं राहायची ती जागा तिच्या इतकी सवयीची होती की तिथला रंगही तेवढाच उडाला होता. बोलणं गोल गोल फिरत होतं. रामनाथ पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पोरीचं काय चुकलं असंल तर सांगा. ती मला काय बोलत न्हाय." हरेश भावोजी म्हणाले, "चुकलं कुनाचंच न्हाय, शेठ. दोघांचं पटत न्हाय. पोरगाच बोलतो. न्हाय रे?" सगळ्यांनी प्रितमकडे बघितलं. तो दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता. त्याची मान खाली होती आणि दोन्ही भोवरे कमळला दिसत होते. तो म्हणाला, "हो."

"मंग झालं," हरेश भावोजी म्हणाले. "वकील माझ्या वळखीचा हाय."

"त्यांचं पटतं," कमळ म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकू गेलं नाही. हरेश वकिलाचं ऑफिस निजामपुऱ्यात कुठे आहे ते सांगत होते. ती चौकट सोडून दोन पावलं आत आली.

"त्यांचं पटतं. मी बघितलंय."

"वयनी, तुमी जरा आत..."

"मी दोघांना बघितलंय," ती बोलत राहिली. आपण थांबलो तर पुन्हा सुरू करता यायचं नाही हे तिला कळत होतं, म्हणून तिनं कुणाकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत सगळं एका दमात सांगायला घेतलं. "बुधवारी. कल्यान रोडच्या मॉलमधी, थेटरात. दोघं एकमेकांला धरून बसलेली. मी सकाळी डब्यात भाकरी घातली ती दोघांनी वाटून खाल्ली. माज्या हातची भाकरी ती अजून खाते, शेठ. तुमच्या पोरीचं काय चुकलं न्हाय, नि माज्या पोराचंबी न्हाय. त्यांना येगळं ऱ्हायचं हाय. ह्या घरात तिला दार लावून बसाया मिळत न्हाय. तेवढंच हाय. हा बापाला बोलू शकत न्हाय, म्हनून असा बसलाय."

बाहेर गल्लीतल्या कापडाच्या कारखान्यातले लूम खटाखट चालू होते, ते तिला एकदम फार मोठ्यानं ऐकू यायला लागले. प्रितमनं मान वर केली होती. त्याचे कान लाल झाले होते. रामनाथांनी खांद्यावरचा पंचा काढून डोळ्यांना लावला.

केसरीनाथांनी पहिल्यांदा विचारलं ते वेगळंच.

"तू थेटरात काय करत व्हतीस?"

"सिनेमा बघत व्हते."

"भजन?"

"भजन कवाच बंद झालं."

हरेश हसले, आणि कुणीच साथ दिली नाही तेव्हा गप्प झाले. केसरीनाथ बायकोकडे असे बघत होते, जणू तिला ह्या घरात कुणी, कधी आणलं ते आठवायचा प्रयत्न करत होते. मग त्यांनी मुलाकडे बघितलं. "खरं हाय काय रे?" प्रितम म्हणाला, "हो, बाबा." हे हो मघाच्या हो सारखं नव्हतं. केसरीनाथ उठले, व्याह्यांना म्हणाले, "चहा घ्या, थंड होतोय," आणि पाण्याची टाकी बघून येतो म्हणून गच्चीवर गेले. त्यांना परत खाली यायला बराच वेळ लागला. तोपर्यंत रामनाथ निघून गेले होते, जाताना कमळपुढे वाकून. ती मागे सरकली होती. तिला ते झेपलं नव्हतं.

त्या दिवशी केसरीनाथांनी तिच्याशी बोलणं टाळलं, दुसऱ्या दिवशीही. कमळ स्वयंपाक करत होती, कपडे वाळत घालत होती, आणि तिच्या आत सतत काहीतरी थरथरत होतं. भीती होती का ती? तिला खात्री नव्हती. आई मांडवातून घरी यायची तेव्हा अशीच थरथरायची, चुलीपुढे बसून हात शेकत राहायची, आणि वडील तिच्याकडे न बघता जेवायचे. त्या वेळी कमळला वाटायचं, आईला थंडी वाजतेय. तिसऱ्या दिवशी दुपारी केसरीनाथ ओटीवरून आत आले आणि पाटावर बसले. तिनं ताट वाढलं.

"किती दिस जातेस?" त्यांनी विचारलं.

"बरेच दिस झाले."

"एकटीच?"

"एकटीच."

त्यांनी भात कालवला. "सांगायचं व्हतं."

"तुमी आला असता?"

त्यांनी खरंच विचार केला. घास हातात तसाच राहिला. "झोपलो असतो," ते म्हणाले.

कमळला हसू आलं, तिनं ते आवरलं नाही. ते हसले नाहीत, पण त्यांच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. थोडं जेवल्यावर, ताटाकडेच बघत, त्यांनी विचारलं, "मी हाका मारतो त्याचा तिला तरास व्हायचा?" कमळ म्हणाली, "व्हायचा." त्यांनी ताट पुढे सरकवलं. हात धुऊन उठताना दारात थांबले आणि म्हणाले, "टेमघरला खोली घेनार असतील तर गच्चीवरचं निळं पिंप न्यायला सांग. तिकडं पान्याची बोंब हाय."

खोली टेमघरलाच मिळाली, ऋतिकाच्या लॅबपासून चालत जाता येईल अशी. तिसऱ्या माळ्यावर, एक खोली आणि स्वयंपाकाची जागा, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. पिंप वर चढवताना प्रितमनं जिन्यातल्या दोघा शेजाऱ्यांना मदतीला घेतलं. ते पोचवून तो पुन्हा गोदामावर गेला. कमळनं आल्या आल्या पदर खोचला आणि ओट्याकडे वळली, तर ऋतिकानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. खुर्ची नव्हती. गादीची वळकटी भिंतीशी ठेवली होती, तिच्यावर तिला बसवलं. दार लावलेलं होतं. ऋतिकानं कडीही घातली होती, आणि ती घालताना तिनं कमळकडे चोरून बघितलं होतं. कमळनं न बघितल्यासारखं केलं. मग दोघी नुसत्याच बसल्या. इतक्या महिन्यांचं बोलायचं साठलं होतं आणि काय आधी बोलावं ते दोघींना कळत नव्हतं. कमळनं टोलनाक्यावरच्या मुलीचं शेवटी काय झालं ते विचारलं. ऋतिकानं सांगितलं, ती जाते, पण ट्रकवाले तिचा आवाज ओळखून दुसऱ्या नाक्यावर येतात. "तुम्ही शेवटपर्यंत थांबला नाहीत?"

"तुमी मागं वळून बघाल, म्हनून गेले."

ऋतिकानं केसांतला चाप काढला, दातांत धरला, मग आठवण होऊन हातात घेतला.

"आई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोल, बाय."

"आम्ही तुम्हाला आधीच बघितलं होतं. त्या दिवशी नाही, आधी. श्रावणातला एक बुधवार असेल. आम्ही मागं बसलो होतो, तुम्ही पुढं येऊन बसलात. मी घाबरले. प्रितमला बोलले, चल, पळू. तो उठलाच नाही. सिनेमा सोडून तुमच्याकडंच बघत होता." तिनं चाप मुठीत मिटला. "मग बोलला, पुढच्या वेळेपासून आपण पुढं बसायचं. मागं बसून आईला बघत राहणं बरोबर नाही, तिला कळणारही नाही. पुढं बसलो तर आपण तिला दिसू. तिला वाटलं तर ती जाईल, वाटलं तर बसेल. तिचं ती ठरवेल."

इतके बुधवार. आपल्याला कुणी बघत नाही असं समजून ती अंधारात रडली होती, हसली होती, एकदा तर ठेका धरून पाय आपटला होता.

"इतकं काय बघत व्हता तो?" तिनं शेवटी विचारलं.

"मी पण विचारलं. तो बोलला, आईला हातात काही काम नसताना मी पहिल्यांदा बघतोय."

ओट्यावरच्या कुकरची शिट्टी झाली. कमळ वळकटीवरून उठायला लागली.

"बसा," ऋतिका म्हणाली, "मी बघते."

कमळ बसली. तिनं हात मांडीवर ठेवले, मग पदराचं टोक धरलं, ते सोडलं, आणि पुन्हा मांडीवर ठेवले. थेटरात आपण ह्या हातांचं काय करत होतो, ते तिला काही केल्या आठवेना.